पोटभाडेकरू

वरच्या खोलीचं चार महिन्यांचं भाडं
ओजस तिडकेनं लॅपटॉपनं फेडलं.
हिंजवडीची नोकरी जानेवारीतच गेली होती, बोलला नव्हता.
एप्रिलात जिना उतरून आला
आणि पाटीएवढी रुपेरी वस्तू
माझ्या बॉबिनींच्या डब्याशेजारी ठेवून म्हणाला,
"काकू, जुना मॅक आहे, पण विकलात तर
वीस-बावीस हजार कुठं जात नाहीत."

विकून काय करू?
माझा पीसी पाडव्याच्या आदल्या दिवशी वारला,
धूर न काढता, नुसता गप्प.
घोरपडे पेठेत, तळमजल्यावर
दोन एम्ब्रॉयडरी मशिनं डिझाइनवाचून उपाशी,
आणि रविवार पेठेतला शेठ दिवसाला तीनदा फोन करणारा.

पंचिंगचं सॉफ्टवेअर माझं दोन हजार नऊचं,
भिशी लागली तेव्हा घेतलेलं.
त्याला विंडोजच लागते.
शिवाय कुलूप म्हणून एक हिरवी डोंगल,
ती मी शटरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बाळगते.
हे सगळं त्याला सांगितलं,
तर म्हणाला, "ह्याच्याच पोटात दुसरा कॉम्प्युटर बसवू."
"पोटात?"
"खोटा. पण आपण खोटे आहोत हे त्याला कळत नाही.
साठ जीबी जागा द्यायची, थोडी मेमरी,
त्याचं वेगळं घड्याळ.
त्याला वाटतं, जग एवढंच."

म्हटलं, म्हणजे पोटभाडेकरू.

तो हसला नाही. मग जरा वेळानं हसला.

दोन रात्री बसला. चहा निवत राहिला.
डोंगलचं तोंड रुंद, मॅकची भोकं बारीक,
म्हणून तपकीर गल्लीतून कन्व्हर्टर आणला,
पहिला बिघडका निघाला, दुसरा चालला.
तरी आतलं सॉफ्टवेअर म्हणे, कुलूप सापडत नाही.
"डोंगल आधी घरमालकाच्या हाती पडते," ओजस म्हणाला,
"त्यानं सोडली तरच आतल्याला मिळते."
आणि माझ्याकडे न बघता
त्यानं कुठंतरी एक खूण केली.

उघडलं.
तोच करडा पडदा, तेच मोजपट्टीचे चौकोन,
मागच्या लग्नसराईतला मोर, एकोणीस हजार टाके,
मानेपाशी अर्धवट.
फक्त उसवताना करंगळी डाव्या कोपऱ्यात जाते
आणि तिथं कंट्रोल नाही, भलतंच बटण.
पंधरा वर्षांचं बोट,
एका खणानं सरकायला तयार नाही.
लॅपटॉप तापतो. पंखा घूं घूं करतो,
जसं दोन संसारांचं वीजबिल एकाच मीटरवर.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं सामान बांधलं.
संगमवाडीहून वाशिमची ट्रॅव्हल्स, रात्री साडेआठची.
किल्ली देताना म्हणाला,
"आतलं बंद करत जाऊ नका, नुसतं थांबवा.
थांबलं तिथूनच उठेल."
मी डिपॉझिटचे सहा हजार पुढे केले,
त्यानं भिंतीच्या रंगाचं काहीतरी सांगून दोन परत ठेवले.
डब्यात मेथीचे पराठे दिले. बाकी काय देणार.

मंगळवारी शटर वर केलं, पडदा उघडला.
बाहेरच्या घड्याळात दहा वाजून दहा.
आतल्या घड्याळात
शुक्रवार, सहा बेचाळीस.

आत अजून तो इथंच बसलेला.
चाचणीला काढलेलं एक पान समोर होतं,
वाकडं, टाके सगळे एकाच दिशेला लोळलेले,
देठ विसरलेला.
मी माउसला हात लावला नाही.
तीन-चार सेकंद असतील.
मग घड्याळाला कुणीतरी कानात सांगितल्यासारखं
त्यानं तीन दिवस एकदम ओलांडले.

मोर दुपारी संपवला, शेठचा माणूस घेऊन गेला.
ते पान मात्र पुसवेना.
एका कापडाच्या तुकड्यावर, हिरव्या रिळानं
मशीनवर टाकून पाहिलं.
धागा दोनदा तुटला.